बाबाचा सहभाग मोजायचा तरी कसा?

अंकलिपी

नमस्कार मंडळी. बालविकास विषयात शोधनिबंध करते आहे. शून्य ते पाच वयाच्या मुलांच्या वडिलांसाठी प्रश्नावली बनवायची आहे. मुलाच्या रोजच्या जगण्यात बाबा कुठे आणि किती आहे, ते तिच्यातून कळायला हवं. मार्गदर्शकांना प्रत्येक बाबाचा शेवटी एकच आकडा हवा आहे, म्हणजे पुढची आकडेमोड सोपी.

कच्चा मसुदा साधाच आहे. रोज मुलासोबत किती तास असता? डायपर बदलता का? आंघोळ घालता का? गोष्ट सांगता का? उत्तरं नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

मला तास हेच सगळ्यात प्रामाणिक माप वाटतं. बाकीच्या प्रश्नांना माणूस मनाला येईल ते लिहितो, तास म्हणजे तास. पण ओळखीच्या काही बाबांना कागद भरायला दिला तर बहुतेकांचं पेन नेमकं तिथेच अडलं. तुम्ही काय मोजाल? आणि विचाराल कुणाला, बाबाला की आईला?

निशाचर

माझंही अडलं असतं. मी घरून काम करतो. लेकीने माझ्या टेबलाखाली संसार मांडलाय. मधूनच पोटरीला काहीतरी चावतं, वाकून बघतो तर ती. आता हे आठ तास धरायचे की चावण्याची मिनिटं?

दीड_शहाणा

आईला विचारा. एका वाक्यात निकाल लागेल. (दिवे घ्या)

खडूफळा

@दीड_शहाणा, तो निकाल ऐकायला बाबा घरात हवा ना!

पडद्यामागे

निशाचर, तुमच्या पोटरीवर या विषयातलं निम्मं संशोधन उभं आहे. :)

मायकेल लॅम्ब, जोसेफ प्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास बापाच्या सहभागाचे तीन भाग पाडले. पहिला प्रत्यक्ष गुंतण्याचा: भरवणं, खेळवणं, समोरासमोर बोलणं. दुसरा हाताशी असण्याचा: तुम्ही तुमच्या कामात, मूल त्याच्या, पण हाक मारली तर तुम्ही आहात. तिसरा जबाबदारीचा: मुलाला कधी काय लागेल हे ओळखून त्याची सोय लावणं. तुमचे आठ तास दुसऱ्या भागात, चावण्याची मिनिटं पहिल्यात. जुन्या अभ्यासांतले बापांचे तास एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मोठं कारण हेच. कुणी फक्त पहिला भाग मोजला, कुणी पहिला-दुसरा एकत्र केला, आणि सगळ्यांनी नाव एकच दिलं.

तिसऱ्या भागाला घड्याळ लावता येत नाही, त्यामुळे तो सगळ्यात कमी मोजला गेला. पुढे २०१० मध्ये प्लेक यांनी स्वतःच ही मांडणी फिरवली. नुसता वेळ धरू नका, मुलाच्या वाढीला पोषक ठरेल असा सहवास धरा. त्यासोबत माया आणि प्रतिसाद, आणि मुलावर लक्ष ठेवून घेतलेले निर्णय. शिवाय मुलाच्या समोर नसताना त्याच्यासाठी केलेली कामं वेगळी धरा.

अंकलिपी, तास प्रामाणिक असतात हे मान्य. कशाचे तास, एवढं तेवढं आधी ठरवा.

चिमणचारा

तिसऱ्या भागासाठी माझ्याकडे तयार प्रश्न आहेत. मुलाच्या चपलेचं माप काय? पुढची लस कोणती, कधी? तापाचं औषध घरात कुठे ठेवलंय आणि ते किती द्यायचं? कोणत्या पांघरुणाशिवाय तो झोपत नाही? ते धुवायला टाकायचं तर सुकेपर्यंत त्याला काय द्यायचं?

आमच्याकडे डायपर बदलायला नवरा एका पायावर तयार. पण पाकीट संपत आलंय, मुलाचं वजन वाढलंय, आता पुढचं माप आणायला हवं, हे सगळं माझ्या डोक्यात. तुमच्या मसुद्यात त्याला 'नेहमी' मिळेल आणि मलाही 'नेहमी'. आम्ही बरोबरीत सुटलो.

लोलक

+१०० चिमणचारा. शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान लिहिलंय, आपल्या कोणत्या मापाचे डायपर असतात?"

आडवाटेचा

असहमत. ही प्रश्नमंजुषा झाली, सहभाग नाही. मला चपलेचं माप पाठ नाही. दुकानात मुलाला घेऊन जातो, पाय ठेवून बघतो, घेऊन येतो. रात्री रडला की उठणारा मी. पण तुमच्या परीक्षेत मी नापास, आणि सगळं पाठ असून मुलाला कडेवर न घेणारा एखादा पहिला!

चिमणचारा

@आडवाटेचा, चपला लहान झाल्यात हे लक्षात कुणाच्या येतं? माप पाठ नसलं तरी चालेल.

आडवाटेचा

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील नाही. ;)

पडद्यामागे

चिमणचारांच्या मुद्द्यावर अगदी सरळ बेतलेलं काम आहे. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरातल्या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णयाच्या टप्प्यावर दोघं बऱ्यापैकी बरोबरीने होती. ओळखणं आणि नजर ठेवणं मात्र बहुतेक बायकांकडे.

गंमत अशी की प्रश्नावल्या हमखास विचारतात, "मुलाबाबतचे निर्णय कोण घेतं?" म्हणजे ज्या टप्प्यावर फरक सगळ्यात कमी, तोच मोजायचा.

@आडवाटेचा, माहिती विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारली तर तुमची तक्रार दूर होईल. "मुलाला मागच्या वेळी डॉक्टरकडे न्यायचं आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं? वेळ कुणी ठरवली? घेऊन कोण गेलं? औषधाचे दिवस पूर्ण झाले का हे कुणी पाहिलं?" चार वेगळी उत्तरं येऊ शकतात.

एकखांबी

सगळे डायपर आणि चपलांवर बोलताहेत. जो माणूस दोन पाळ्या करतो, घराचा हप्ता भरतो, मुलाच्या आजारपणासाठी पैसे बाजूला टाकतो, त्याचं काय? तो घरात दिसत नाही म्हणून शून्य? ही मापं ज्यांना संध्याकाळी घरी यायला मिळतं त्यांनी बनवलेली दिसतात.

पडद्यामागे

@एकखांबी, हा आक्षेप अभ्यासकांनीही घेतला आहे. रॉब पालकोविट्झ यांनी १९९७ मध्ये हेच मांडलं की दिसणारी कामं म्हणजेच सहभाग असं धरलं तर काळजी करणं, बेत आखणं, पैसे पुरवणं, हे सगळं गळून पडतं. त्यांनी सहभागाचे पंधरा प्रकार दिले. पुढे २००२ मध्ये ॲलन हॉकिन्स वगैरे मंडळींनी २६ विधानांची, नऊ घटकांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात कमावून आणणं हा एक स्वतंत्र घटक आहे आणि आईला साथ देणं हा दुसरा. पण अंकलिपी, ती जशीच्या तशी उचलू नका. अभ्यास घेणं, शाळेसाठी प्रोत्साहन असल्या गोष्टी तिच्यात बऱ्याच आहेत. दीड वर्षाच्या मुलाचा गृहपाठ घेणारा बाप सापडला तर त्याच्यावर वेगळा निबंध लिहावा लागेल.

माझं मत विचाराल तर कमाई मोजा, पण वेगळ्या रकान्यात. इतर गुणांमध्ये मिसळली की पगार वाढला म्हणून सहभाग वाढला, असलं काहीतरी बाहेर येतं.

खडूफळा

बालवाडीत शिकवते, म्हणून थोडं लिहिते. बाबा घ्यायला आला की आम्ही लगेच कौतुक करतो. आई आली तर कुणी मान वर करून बघतही नाही. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यातही हीच दुहेरी पट्टी असते. "गोष्ट सांगता का?" ला बाबा मनातल्या मनात स्वतःच्या वडिलांशी तुलना करतो आणि 'नेहमी' लिहितो. आई स्वतःच्या आदर्शाशी तुलना करते आणि 'कधीकधी' लिहिते. गोष्टी दोघांनी तेवढ्याच सांगितलेल्या असतात.

म्हणून नेहमी-कधीकधी आधी उडवा.

गणकचूडामणी

खडूफळा यांना अनुमोदन, आणि आईला विचारावं की बाबाला यावर थोडी भर. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली यांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांचे वाटे मिळवले की बेरीज पूर्ण एकाच्या वर जात होती. खोटं बोलतात म्हणून नव्हे. आपण केलेलं पटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं.

मुलांच्या बाबतीतही बाबांनी सांगितलेला स्वतःचा सहभाग आईने सांगितलेल्यापेक्षा सहसा जास्त निघतो. मग खरं कोणाचं? तिसऱ्या मापाशिवाय ठरवता येत नाही. मी दोघांनाही विचारीन, एकमेकांपासून लांब बसवून, आणि दोन उत्तरांमधलं अंतर हीच वेगळी नोंद ठेवीन. ज्या घरात ते अंतर मोठं, तिथे काय चाललंय हे सरासरीपेक्षा जास्त सांगून जाईल.

दीड_शहाणा

म्हणजे माझा पहिला प्रतिसाद शास्त्रीयदृष्ट्या निम्मा बरोबर होता. नोंद घ्यावी.

वाळवी

युनिसेफच्या घरोघरच्या पाहणीत याचं अगदी सुटसुटीत रूप आहे. दोन ते चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी सहा गोष्टी विचारतात: पुस्तक वाचून किंवा चित्रं दाखवणं, गोष्ट सांगणं, गाणं म्हणणं, घराबाहेर नेणं, खेळणं, आणि वस्तूंची नावं घेणं, मोजणं किंवा चित्र काढणं. गेल्या तीन दिवसांत यातलं घरातल्या कुणी काय केलं? आई, बाबा, इतर, असे वेगळे रकाने. बाबाने चार किंवा जास्त गोष्टी केल्या असतील तर तो सहभागी धरतात.

मला 'गेल्या तीन दिवसांत' हे फार आवडतं. परवाचं आठवतं. 'साधारणपणे'ला मनातलं चित्र उत्तर देतं.

चिमणचारा

आणि आंघोळ? शी-शू? रात्रीचं उठणं? गाणी म्हणून मूल मोठं होतं होय?

वाळवी

@चिमणचारा, ते माप मुलाच्या बुद्धीला मिळणाऱ्या चालनेसाठी आहे, घरातल्या श्रमविभागणीसाठी नाही. त्याला जे विचारलंच नाही ते त्याच्याकडून मागू नये. अंकलिपी, तुमचा निबंध यातल्या कशावर आहे? मूळ पोस्टवरून मला कळलं नाही.

जहाजी

वाळवी, तुमचे तीन दिवस माझ्यावर अन्याय करतील. मी महिनोन् महिने समुद्रावर. तुम्ही बोटीवर असताना विचारलंत तर शून्य, सुट्टीत विचारलंत तर सहाच्या सहा. सुट्टीत तर मी बायकोला मुलाजवळ येऊ देत नाही इतका चिकटतो. बोटीवरून रेंज मिळाली की व्हिडिओ कॉल करतो. मुलगा एकदा फोनच्या मागे जाऊन मला शोधत होता. हे कुठल्या रकान्यात बसवाल?

पडद्यामागे

बसत नाही. लांब असलेल्या बापाचं वेळापत्रक आधी विचारावं लागतं आणि घरी असतानाचं, नसतानाचं असं दोन वेळा मोजावं लागतं. वेगळ्या राहणाऱ्या वडिलांचंही तसंच. सगळ्यांना एकाच पट्टीने मोजलं की पट्टी सहभाग मोजतच नाही, नोकरी आणि पत्ता मोजते.

सांजसावली

आता जरा नाजूक मुद्दा. बाबाला करू दिलं जातं का, हेही मोजायला हवं. आमच्याकडे बाळाला उचललं की लगेच सूचना: मान धर, असं नाही, दे इकडे. काही दिवसांनी माणूस उचलणंच सोडतो आणि मग ऐकतो की हा काही करत नाही. (नाव सांजसावली असलं तरी मी बाप्या आहे.) ॲलन आणि हॉकिन्स या दोघांचा १९९९ चा अभ्यास आहे, आईने दार अडवून धरण्यावर.

लोलक

हे यायचंच होतं! म्हणजे केलं नाही तरी दोष आईचा. दार अडवलंय म्हणता, तुम्ही ढकलून पाहिलंत का? मला कुणीही 'असं नाही' म्हणायला नव्हतं, कारण चुकले तर रात्र माझीच खराब होणार होती. मान धरायला मीही पहिल्यांदाच शिकत होते.

सांजसावली

@लोलक, दोष देत नाहीये. आमच्या घरात घडलं ते लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात खऱ्या असू शकतात ना?

खडूफळा

असू शकतात. पण एका वेळच्या पाहणीतून कोणती आधी झाली हे कळणार नाही. तो मागे हटला म्हणून तिने सगळं हातात घेतलं, की तिने हातात घेतलं म्हणून तो हटला? बाळ जन्मल्यापासून काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा विचारलं तरच काही बोलता येईल. त्याआधी दोन्ही पक्षांनी तलवारी म्यान कराव्यात.

नातीचा_घोडा

मी आजोबा. आमच्या वेळी मोजत नसत, आणि मोजलं असतं तर मी शून्यावर बाद झालो असतो. आता नातीचा घोडा होतो. माझा साधा उपाय: मूल पडलं, लागलं, की रडत कुणाकडे धावतं ते बघा. कागद कशाला?

पडद्यामागे

काका, उपाय आवडला, पण गुण द्यायला तो धोक्याचा. दुखलं की मूल बहुधा जो सगळ्यात जास्त वेळ सोबत असतो त्याच्याकडे धावतं. दुसऱ्याशी त्याचं नातं कच्चं आहे असं त्यातून निघत नाही. काही मुलं रडायला आईकडे आणि उंचावरून उडी मारायला बाबाकडे जातात. चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र विचारता येतं. हातात बाहुल्या घेऊन मुलाखती घेण्याच्या पद्धती आहेत: एक बाहुली म्हणते माझा बाबा माझ्याशी खेळतो, दुसरी म्हणते खेळत नाही, तुझा कसा?

गणकचूडामणी

अवांतर, पण बघून मोजल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांमध्ये बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने बापांच्या मागे दिवसभर फिरून नोंदी केल्या. तिथले बाप जवळपास निम्मा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात. ज्याने कुणी बाप हा मुळात दूरचा प्राणी आहे असं गृहीत धरलं होतं, त्याला हे वाचायला द्यावं.

निशाचर

हाताच्या अंतरावर मीही असतो. दुसऱ्या हातात फोन असतो. त्याचे गुण कापणार का?

वाळवी

त्याचीही पद्धत आहे. अभ्यासक दिवसातून न सांगता केव्हाही मोबाईलवर प्रश्न पाठवतात: आत्ता काय करताय, सोबत कोण, लक्ष कुठे? म्हणजे मूल सोबत असताना फोन बघत होतात का, हे तुम्हाला फोनवरच विचारणार.

दीड_शहाणा

रक्ततपासणी करा ना. एकदाचं मिटेल.

गणकचूडामणी

@दीड_शहाणा, विनोदाने म्हणालात, पण तसंही झालंय, फक्त रक्ताऐवजी लाळेवर. फिलिपीन्समधल्या सेबूमध्ये ६२४ पुरुषांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) काही वर्षांच्या अंतराने मोजलं, निष्कर्ष २०११ मध्ये आले. बाप झालेल्यांचं जास्त घटलं, आणि मुलांच्या संगोपनात रोज तीन तास किंवा जास्त घालवणाऱ्यांचं आणखी कमी होतं. पण हे सरासरीचं झालं. एका बापाच्या बाटलीभर रक्तावरूनही त्याने डायपर बदलला की नाही हे कळत नाही.

एकखांबी

बाटलीभर?! एवढं घेतलंत तर उचलायलाही कोणी उरणार नाही.

अंकलिपी

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळे वाचले. वाळवी यांचा प्रश्न आज मार्गदर्शकांपुढेही ठेवला. निबंध मुलांच्या भाषाविकासाशी संबंध बघणारा आहे. मग श्रमविभागणीचे प्रश्न काढून टाकू का? काढायला मन होत नाही.

पडद्यामागे

काढू नका, पण त्यांना भाषेच्या गणितात कोंबू नका. स्वीडनमधल्या अन्ना सर्कादी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दीर्घकाळ चाललेले २४ अभ्यास एकत्र पाहिले. २२ मध्ये बापाच्या सहभागाचा मुलांवर चांगला परिणाम दिसला. पण प्रत्येकाने सहभाग वेगळाच मोजला होता, त्यामुळे नेमकं काय केल्याने फायदा झाला हे त्यांना सांगता आलं नाही. एकच आकडा काढण्याचा हा तोटा. भाषेसाठी बोलणं, गोष्टी, पुस्तकं वेगळी ठेवा. जबाबदारी वेगळी, हाताशी असणं वेगळं. आकडे तीन होतील. मार्गदर्शकांना सांगा, संगणकाला तीन आकड्यांचं ओझं होत नाही.

अंकलिपी

नवा आराखडा असा. तासांऐवजी 'काल'ची दिनचर्या: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं, मूल कुठे होतं, सोबत आणखी कोण होतं. मग वाळवींच्या सहा गोष्टी, गेल्या तीन दिवसांतल्या. त्यानंतर डॉक्टरचा प्रसंग, चार टप्प्यांत. चपलांचाही तसाच. कमाई आणि कामाच्या वेळा वेगळ्या पानावर. हे आई-बाबांना वेगवेगळं. घरापासून लांब असणाऱ्यांना दोनदा.

गणकचूडामणी

'काल' एकच दिवस घेऊ नका. कामाचा एक आणि सुट्टीचा एक, दोन्ही घ्या. आणि दिवस झोपेवर संपवू नका. अमेरिकेतली वेळेच्या वापराची पाहणी २००३ पासून चालू आहे, ती पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरते. तुमच्या आराखड्यात रात्री उठणारा बाबा सापडणारच नाही.

आडवाटेचा

धन्यवाद! इतक्या प्रतिसादांत कुणीतरी माझी बाजू घेतली.

चिमणचारा

आणि वयाप्रमाणे पानं वेगळी करा. तीन महिन्यांच्या बाळाच्या बाबाला चित्र काढता का विचारलंत तर तो कागद तुमच्याच हातात परत देईल. तिथे ढेकर काढणं, मालिश, दूध पाजून झाल्यावर झोपवणं असं विचारा. आजी-आजोबांचा रकाना विसरू नका. आमच्याकडे 'इतर' हाच सगळ्यात भरलेला असेल.

अंकलिपी

दोन्ही घेते. पहाटे चारचं तर लगेच. एक शंका उरली. जुळी मुलं असतील तर दोघांसाठी वेगळा कागद की एकच?

जुळ्यांचा_बाप

एकच द्या. दोन भरायला वेळ मिळाला असता तर मी झोपलो असतो.